दर महिन्याला सर्दी, म्हणजे मुलाची इम्युनिटी कमी आहे का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अडीच वर्षांचा. चार महिन्यांचा असताना छाती भरून पाच दिवस ऍडमिट होता, तेव्हा तपासणीत आरएसव्ही (सर्दीचाच एक विषाणू, लहान बाळांची छाती भरवणारा) निघाला. आता जूनमध्ये प्लेस्कूल सुरू झाल्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी सर्दी-खोकला-ताप, आणि मागच्या महिन्यात परत तपासलं तर परत आरएसव्हीच. तुमचं म्हणणं असं की एकदा होऊन गेलेला आजार त्याला परत होतोच कसा, इम्युनिटी कमी पडतेय का, मेडिकलवाल्याने दिलेलं इम्युनिटीचं सिरप चालू ठेवू का, आणि सासूबाई दूध-केळी बंद करा म्हणतायत ते बरोबर आहे का.

मी लहान मुलांची डॉक्टर, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतेय. पावसाळा लागला की दिवसातून पाच-सहा आया हेच विचारतात आणि दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी इम्युनिटी कमी वाटत नाही. पण मी त्याला तपासलेलं नाही आणि हे उत्तर तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे (वजन कसं वाढतंय, आजार कुठल्या प्रकारचे होतायत, दोन आजारांच्या मधे तो कसा असतो, घरात कुणाला असं काही होतं का), त्या खाली सांगते.

आधी शरीरात काय होतं ते बघू, कारण आपण इम्युनिटी म्हणजे टाकीतल्या पाण्यासारखी धरतो, लेव्हल कमी झाली की आजार आला, वरून सिरप ओतलं की लेव्हल वाढली. तसं ते नसतं. सर्दीचा विषाणू नाकाच्या आतल्या अस्तरावर बसतो, पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या हजारो कॉप्या काढून घेतो. ज्या पेशीत शिरला ती पेशी मरायच्या आधी शेजारच्या पेशींना सावध करते, त्यासाठी ती जे रसायन सोडते त्याला इंटरफेरॉन म्हणतात. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी ते शोधलं, विषाणूच्या कामात अडथळा आणतं म्हणून हे नाव. शेजारच्या पेशी तो निरोप मिळाला की दारं-खिडक्या लावून घेतात.

आता गंमत बघा, पूर्वी हिपॅटायटिस सी च्या पेशंटना हेच इंटरफेरॉन इंजेक्शनने द्यायचे, आणि त्यांना काय व्हायचं तर ताप, थंडी, अंगदुखी, गळून जाणं, अगदी फ्लू झाल्यासारखं. म्हणजे ताप आणि अंगदुखी बऱ्याच अंशी आपल्या शरीराच्या प्रतिकाराचीच असते. शेंबडाचंही तेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट पिवळा-हिरवा झाला की आया घाबरून अँटिबायोटिक मागतात, पण तो हिरवा रंग तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, नुसत्या रंगावरून जंतूंचं इन्फेक्शन झालं असं म्हणता येत नाही. तर मुलगा आजारी दिसतोय म्हणजे इम्युनिटी झोपलीय असं नाही, उलट तुम्हाला दिसतोय तो बराचसा तिच्याच कामाचा गोंधळ.

मग आरएसव्ही परत का? हा विषाणू मला बावीस वर्षं छळतोय म्हणून यावर जरा जास्त लिहिते. १९५६ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या चिंपांझींना सर्दी झाली तेव्हा हा पहिल्यांदा सापडला, पुढच्याच वर्षी आजारी बाळांमध्येही मिळाला. जवळजवळ सगळ्या मुलांना दोन वर्षांची होईपर्यंत तो एकदा तरी होऊन जातोच, बहुतेकांना साधी सर्दी म्हणून, त्यामुळे नावही कळत नाही. त्याच्याकडे दोन खास प्रोटीनं आहेत, एनएस१ आणि एनएस२, त्यांचं कामच मुळी इंटरफेरॉनचा निरोप दाबून टाकणं. घरात चोर शिरला आणि पहिल्यांदा फोनची वायर कापली असं समजा. शरीराला उशिरा कळतं, तोवर विषाणू भरपूर वाढलेला असतो, आणि मग जी फौज येते ती एकदम मोठी येते. दुसरी युक्ती म्हणजे त्याच्या अंगावरचं जी नावाचं प्रोटीन, ते तो सुटं करून आजूबाजूला सोडूनही देतो, अँटीबॉडी (विषाणूला धरायला शरीर बनवतं ती प्रोटीनं) बिचाऱ्या त्या सुट्या तुकड्यांनाच धरत बसतात आणि खरा विषाणू निसटतो.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आठवणीची आहे. गोवर एकदा झाला की सहसा जन्मात परत होत नाही आणि आपण तोच नियम सगळ्यांना लावतो. आरएसव्हीचं तसं नाही. १९९१ साली एक अभ्यास छापून आला, त्यात १५ धडधाकट मोठ्या माणसांना, ज्यांना आरएसव्ही नुकताच होऊन गेला होता, त्यांच्या संमतीने तोच विषाणू ठरावीक महिन्यांनी परत परत नाकात दिला. दोन महिन्यांतच जवळपास निम्म्यांना परत इन्फेक्शन झालं, आणि सव्वीस महिन्यांत ७३ टक्के लोकांना दोन किंवा जास्त वेळा. ही मोठी, तब्येतीने ठणठणीत माणसं होती. तुमचं बाळ दोन वर्षांच्या गॅपने परत आजारी पडलं तर त्यात त्याची काय चूक!

याचं कारण असं की आठवण एका जागी साठलेली नसते. नाकाच्या अस्तरावर पहारा करते ती आयजीए नावाची अँटीबॉडी, आणि आरएसव्हीच्या बाबतीत ती काही महिन्यांत ओसरते. रक्तातली दुसरी अँटीबॉडी, आयजीजी, जास्त टिकते आणि ती खाली फुप्फुसापर्यंत पोचते. म्हणून विषाणू नाकात परत शिरू शकतो पण खाली उतरायला त्याला जड जातं. तुम्हीच लिहिलंय की पहिल्या वेळी ऑक्सिजन लागला होता आणि या वेळी तीन दिवस ताप, दहा दिवस खोकला आणि घरीच बरा झाला. विषाणू तोच, मुलगा तोच. हा जो फरक आहे ना, तीच त्याची इम्युनिटी.

चौथ्या महिन्यात इतकं का झालं? आईकडून वारेतून आलेल्या अँटीबॉडी जन्मानंतर हळूहळू संपत जातात, बाळाच्या स्वतःच्या नुकत्या तयार व्हायला लागलेल्या असतात, तीन ते सहा महिन्यांत दोन्ही बाजूंनी कमी असा काळ येतो. त्यात नळ्या बारीक. गणित असं की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला अडथळा सोळापट होतो, म्हणजे आपल्या नळीत दोन मिलिमीटर सूज आली तर खोकला येतो, बाळाच्या नळीत तेवढीच आली तर दारच बंद. असं बाळ ओपीडीत आणलं की मी स्टेथोस्कोप लावायच्या आधी झबलं वर करून नुसती बघत बसते, पूर्ण एक मिनिट. नाकपुड्या फुलतायत, प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खड्डा पडतोय, आया म्हणतात तसं पोट उडतंय, स्तन तोंडात घेतो, दोन घोट ओढतो आणि सोडून देतो कारण नाक बंद आणि श्वास घ्यायला तोंड हवं. त्या दोन घोटांवरून मला जेवढं कळतं तेवढं एक्स-रेवरून कळत नाही. आणि उपाय काय तर नाक साफ ठेवणं, ऑक्सिजन, पोटात दूध किंवा सलाइन जाईल हे बघणं, बाकी वाट बघणं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा प्रत्येक बाळाला दम्याच्या औषधाची वाफ, स्टिरॉईड आणि वर अँटिबायोटिक द्यायचे, तेव्हा तसंच शिकवलेलं. नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं की साध्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बाळाच्या बारीक श्वासनळ्यांना विषाणूमुळे येणारी ही सूज) याचा फायदा होत नाही, आणि मी स्वतःचे जुने केसपेपर काढून बघितले तर तेवढेच दिवस लागत होते बरं व्हायला. त्या बाळांना विनाकारण सुया टोचल्या याचं मला अजून वाईट वाटतं.

"इम्युनिटी वाढवा" या शब्दावरच माझा आक्षेप का आहे त्याला एक कारण आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत आरएसव्हीची पहिली लस बाळांना देऊन बघितली. फॉर्मॅलिन या रसायनाने मारलेला विषाणू, पोलिओच्या मारलेल्या लसीची पद्धत हीच आणि ती उत्तम चालली होती. बाळांच्या रक्तात अँटीबॉडी वाढल्या, म्हणजे "इम्युनिटी वाढली". मग हिवाळ्यात खरा विषाणू आला. एका गटात लस घेतलेल्या ज्या बाळांना इन्फेक्शन झालं त्यातली ८० टक्के ऍडमिट करावी लागली, लस न घेतलेल्यांमध्ये हेच प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं गेली. त्या अँटीबॉडी विषाणूला चिकटायच्या पण त्याला निकामी करू शकत नव्हत्या, आणि शरीराने फुप्फुसात जी फौज पाठवली ती चुकीच्या प्रकारची, सूज वाढवणारी होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एमडीला होते, वाचून पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ. तेव्हापासून कुणी इम्युनिटी बूस्ट म्हटलं की मी विचारते, कुठली? कुठल्या विषाणूविरुद्ध? कुठे, नाकात की फुप्फुसात?

त्या अपयशाचं कोडं सुटायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. विषाणूच्या अंगावर एफ नावाचं प्रोटीन असतं, पेशीत शिरायच्या आधी त्याचा आकार एक असतो आणि शिरताना तो उलटा-पालटा होऊन दुसराच होतो, वाऱ्यात छत्री उलटी होते तसं. जुन्या लसीत ते बहुतेक उलट्या छत्रीच्या आकारात होतं, शरीर तोच आकार शिकलं. २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग यांच्या टीमने आधीचा आकार नेमका कसा दिसतो ते दाखवलं आणि तो तसाच धरून ठेवायची युक्तीही काढली, पुढे कोविडच्या काही लसींमध्ये तशीच युक्ती वापरली गेली. त्यावरून २०२३ मध्ये अमेरिकेत गरोदर बाईला द्यायची आरएसव्हीची लस मंजूर झाली, आणि बाळाला थेट द्यायची तयार अँटीबॉडी, निर्सेव्हिमॅब, तीही त्याच वर्षी. लसीत आई अँटीबॉडी बनवते आणि वारेतून बाळाला पोचवते, म्हणजे तो पहिल्या काही महिन्यांचा अवघड काळ निभावतो. तुमच्या मुलाला आता याची गरज नाही, पण दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तुमच्या डॉक्टरांना त्या वेळी नक्की विचारा.

इथवर आरएसव्हीचं झालं: तो परत होणं नॉर्मल, दुसऱ्यांदा हलका जाणं हे चांगलं लक्षण.

बाकीच्या सर्द्या वेगवेगळ्या विषाणूंच्या. सर्दीचा सगळ्यात कॉमन ऱ्हायनोव्हायरस, त्याचेच १६० पेक्षा जास्त प्रकार, एकाची ओळख झाली म्हणून दुसरा ओळखू येईलच असं नाही. फ्लूचा विषाणू तर दरवर्षी वरचा कोट थोडा थोडा बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचा फॉर्म्युला ठरवते. प्लेस्कूलला न जाणाऱ्या मुलालाही वर्षात सहा ते आठ सर्द्या होतात, जाणाऱ्याला दहा-बाराही. आता हिशोब करा, दहा सर्द्या, प्रत्येकीचा खोकला दहा ते पंधरा दिवस, आणि त्यातल्या बहुतेक पावसाळा ते थंडी या सात-आठ महिन्यांत. म्हणजे घरच्यांना वाटणार की पोरगं बारा महिने आजारी. मी आयांना कॅलेंडरवर खुणा करायला सांगते, आजारी दिवस लाल, ठणठणीत दिवस हिरवा, आणि तीन महिन्यांनी घेऊन या म्हणते, त्यात हिरवे दिवस बघून त्यांचाच जीव भांड्यात पडतो. ज्याला थोरलं भावंड आहे त्याच्या या सर्द्या घरातच आधी होऊन जातात, पहिल्या मुलाच्या प्लेस्कूलमध्ये होतात, एवढाच फरक.

एका विषाणूबद्दल मात्र सांगायलाच हवं, गोवर. तोही श्वासातून पसरतो पण आठवण सांभाळणाऱ्या पेशींनाच धरतो. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात गोवर झालेल्या मुलांच्या आधीच्या आजारांविरुद्धच्या अँटीबॉडीपैकी ११ ते ७३ टक्के गायब झालेल्या दिसल्या. खऱ्या अर्थाने इम्युनिटी कमी करणारा आजार म्हणाल तर हा, आणि एमआर म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचे दोन डोस (नवव्या महिन्यानंतर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा) त्यापासून वाचवतात. तुमच्या लिहिण्यात लसीचं कार्ड पूर्ण आहे की नाही ते नाही, आधी ते उघडून बघा.

आता इम्युनिटी खरंच कमी असते तेव्हा कसं दिसतं. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक दोन वर्षांचा मुलगा आला, वर्षात तीन वेळा न्यूमोनिया, कानातून सतत पू, वजन वर्षभर जागच्या जागी. सर्दी त्याला चारचौघांसारखीच व्हायची, पण तिच्या मागोमाग जंतूंचं इन्फेक्शन व्हायचंच. घसा बघताना टॉर्च मारला आणि मी थांबले, कारण टॉन्सिल दिसेनात. दोन वर्षांच्या, सतत आजारी असणाऱ्या मुलाचे टॉन्सिल खरं तर बोराएवढे असायला हवेत. मग आईला विचारलं माहेरी कुणी लहानपणी गेलं का, तर तिचा भाऊ तीन वर्षांचा असताना "छातीच्या आजाराने" गेलेला. तपासणीत निघालं की अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीच त्याच्याकडे नव्हत्या. आता दर महिन्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटीबॉडी चढवतात, शाळेत जातो. अशा तपासण्यांसाठी मी मुंबईला परळच्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे पाठवते, तिथे या आजारांवर बरंच काम होतं.

तर तुम्ही हे बघा. वर्षात दोन किंवा जास्त वेळा एक्स-रेवर सिद्ध झालेला न्यूमोनिया, वर्षात चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, महिनोन्महिने अँटिबायोटिक घेऊनही न बरं होणं, अंगात खोलवर गळू परत परत, वय वर्षाच्या पुढे गेल्यावरही तोंडात पांढरी बुरशी, वजन न वाढणं, कुटुंबात लहान वयात असे मृत्यू. यातलं काही असेल तर वेळ न घालवता दाखवा. नसेल, आणि दोन सर्द्यांच्या मधे तो पळतोय, खातोय, वजनाची रेघ वर जातेय, तर तपासण्यांच्या मागे लागू नका.

एक शक्यता मात्र तुमच्याबाबतीत मी उघडी ठेवते. लहानपणी आरएसव्हीने ऍडमिट झालेल्या मुलांना पुढे काही वर्षं प्रत्येक सर्दीत छातीत शिट्टी वाजण्याचं प्रमाण जास्त दिसतं. तुमच्याही मुलाचं तसं होत असेल, रात्री खोकून उठत असेल, हसला-पळाला की खोकला येत असेल, तर तो इम्युनिटीचा प्रश्न नाही, श्वासनळ्या हळव्या असण्याचा आहे, त्यावर पंप-स्पेसरने (औषध श्वासातून ओढायचा पंप आणि त्याला जोडायची नळी) चांगला फरक पडतो. पंपाची सवय लागते ही भीती मनातून काढा. जुन्या चिठ्ठीवरचं स्टिरॉईडचं सिरप मेडिकलमधून परत आणून द्यायचं मात्र नाही, कधीच नाही.

सिरप बंद केलं तरी चालेल. ते पैसे फ्लूच्या लसीवर घाला, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना बालरोगतज्ज्ञांची संघटना ती दरवर्षी सुचवते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर गॅलरीत जाऊन ओढली तरी कपड्यांवरून धूर येतो, आणि बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल हा त्याच रांगेतला प्रकार, मच्छरदाणी लावा. सर्दी-खोकल्याची मिक्स सिरपं, विशेषतः क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली, चार वर्षांखाली देऊ नयेत असं २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनीच सांगितलंय, बाटलीवर वाचून बघा. खोकल्याला रात्री अर्धा-एक चमचा मध द्या, वर्षाच्या वरच्या मुलाला चालतो आणि बऱ्यापैकी आराम पडतो.

आणि पुढच्या आजारात श्वास मोजायला शिका. झोपलेला असताना, ताप उतरलेला असताना, शर्ट वर करून पूर्ण साठ सेकंद, पोट वर आलं की एक. त्याच्या वयाला मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे दाखवायला न्या. बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर, पाणीही पीत नाही किंवा मरगळून पडलाय, तर आकडा न मोजता तडक हॉस्पिटल.

सासूबाईंचं सांगते. केळ्याने कफ होत नाही, खाऊ दे. दुधाने पण कफ होत नाही, पण किती पितो ते बघा, कारण दिवसाला बाटलीने लिटरभर दूध पिणारी मुलं माझ्याकडे रोज येतात, पोट दुधाने भरलेलं, भाकरी-भाजी-अंडं काही खात नाहीत आणि हिमोग्लोबिन आठ, म्हणजे फारच कमी. तसं असेल तर बाटली बंद करून दोन कप दूध वाटीने द्या, म्हणजे दूध बंद करा हे त्यांचं म्हणणं निम्मं खरं ठरेल. वजनाचे मागच्या वर्षभरातले आकडे कार्डावर असतील तर तारखांसकट लिहा, मी बघून सांगते.